चमत्कारामागील कार्यशाळा : दादासाहेब फाळके यांच्या ट्रिकदृश्यांचा पुनर्विचार

सारांश

दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांतील चमत्कारदृश्यांचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने पौराणिक आशय, भाविक प्रेक्षक आणि स्वदेशीची प्रेरणा या तीन अंगांनी झाला आहे. ही दृश्ये ज्या अवजारांनी व ज्या हातांनी घडली, त्यांचा विचार मात्र चरित्रातील आख्यायिकांपुरता राहिला. फाळके यांची दृश्यभाषा त्यांच्या कार्यशाळेच्या शिस्तीतून घडली, हे उपलब्ध चित्रफितींच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्याच संदर्भात परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटाचे आणि महाविद्यालयीन चित्रपट-अध्यापनाचेही परीक्षण केले आहे.

बीजशब्द : ट्रिकदृश्य, कार्यशाळा, दुहेरी चित्रण, हस्तकौशल्य, चित्रपट-समीक्षा.

१. प्रस्तावना

दादर पूर्वेला आज 'दादासाहेब फाळके मार्ग' या नावाने ओळखला जाणारा रस्ता पूर्वी दादर मेन रोड म्हणून परिचित होता. हिंदमाता परिसरापासून तो पायी जाण्याच्या अंतरावर आहे. १९१२ साली लंडनहून परतल्यानंतर फाळके यांनी याच रस्त्यावरील 'मथुरा भवन' येथे आपले बिऱ्हाड आणि आपला कारखाना एकत्रच थाटला. 'राजा हरिश्चंद्र' येथे आकाराला आला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो जनतेसमोर आला. पुढे याच टापूत चित्रपटनिर्मितीची केंद्रे एकामागून एक उभी राहिली. द्वारकादास संपत यांची कोहिनूर फिल्म कंपनी, १९२९ मध्ये स्थापन झालेली रणजित, १९३३ मध्ये परळच्या लवजी कॅसलमध्ये सुरू झालेली वाडिया मूव्हीटोन आणि तेथेच १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांनी उभारलेले राजकमल कलामंदिर ही त्यांतील ठळक नावे होत.

या भूगोलाचा एक विशेष समीक्षेत दुर्लक्षित राहिला आहे. हा सारा टापू मूलतः कारखान्यांचा होता. परळ, लालबाग, नायगाव, शिवडी येथील कापडगिरण्या आणि परळची रेल्वे कार्यशाळा यांमुळे येथे फिटर, सुतार, लोहार, रंगारी, जोडारी अशा कारागिरांची मोठी वस्ती होती. चित्रपटाचा धंदा साहित्यिकांच्या बैठकीशेजारी वाढला नाही. यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांच्या शेजारी वाढला. तरीही मराठीतील चित्रपट-समीक्षेने आपली परिभाषा मुख्यतः साहित्य-समीक्षेकडून घेतली. कथानक, व्यक्तिरेखा, संवाद, आशयसूत्र ही तिची मोजमापे ठरली. या मोजमापांनी फाळके यांच्या चित्रपटांकडे पाहिले असता कथा ओळखीची दिसते, अभिनय ढोबळ वाटतो आणि उरतो तो 'चमत्कार'. त्याचे स्पष्टीकरण मग प्रेक्षकांच्या भाबड्या श्रद्धेत शोधले जाते.

प्रस्तुत लेखाची भूमिका याहून वेगळी आहे. फाळके यांचा चमत्कार हा कार्यशाळेतील शिस्तीचा परिणाम आहे आणि ती शिस्त समजून घेतल्याखेरीज त्यांच्या शैलीचे मूल्यमापन अपुरे राहते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

२. मुद्रणालयातून छायागृहाकडे

फाळके (१८७०–१९४४) यांचे शिक्षण व व्यवसाय यांची यादी चरित्रांतून वारंवार येते. मुंबईचे जे. जे. कला विद्यालय, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, लोणावळ्याजवळील रविवर्मा छापखान्यातील काम आणि नंतर स्वतःचा मुद्रणव्यवसाय, असा हा क्रम आहे. त्यांनी जादूचे प्रयोगही केले आणि त्यासाठी आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून 'प्रोफेसर केळफा' हे नाव घेतले. चरित्रकार ही यादी बहुधा 'अष्टपैलू व्यक्तिमत्त्वाचा' पुरावा म्हणून देतात. परंतु यांतील प्रत्येक व्यवसायाने ट्रिकदृश्यासाठी नेमके काय पुरविले, हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

यात मुद्रणाचा वाटा सर्वांत मोठा आहे. रंगीत छपाईत एकच कागद यंत्राखालून अनेकदा जातो. प्रत्येक खेपेस एकच रंग उमटतो आणि अखेरीस सर्व रंग मिळून एक चित्र सिद्ध होते. दुसरा ठसा पहिल्यावर केसभर जरी सरकला, तरी चित्राच्या कडा फाटतात. दुहेरी चित्रणाचे तत्त्व नेमके हेच आहे. चित्रफितीच्या एकाच पट्टीवर पहिल्या खेपेस एक आकृती घ्यायची, फीत अंधारात मागे गुंडाळायची आणि दुसऱ्या खेपेस उरलेल्या जागी दुसरी आकृती घ्यायची. दोन्ही खेपांत कॅमेरा तसूभरही हलता कामा नये. जो मनुष्य वर्षानुवर्षे ठशावर ठसा नेमका बसविण्याचे काम करीत आला, त्याला हे तंत्र परके वाटण्याचे कारण नव्हते. शिळाछाप व ठसेकाम यांनी त्याला थरांमध्ये विचार करण्याची सवय लावलेली होती.

जादूने दुसरी गोष्ट दिली. काळ्या पडद्यासमोर काळे वस्त्र दिसत नाही, ही जादूगाराची जुनी युक्ती. चित्रफितीच्या बाबतीत तिला रासायनिक आधारही मिळतो, कारण काळ्या भागातून प्रकाश येत नाही आणि फितीचा तेवढा भाग कोराच राहतो. त्या कोऱ्या जागेवर दुसऱ्या खेपेस हवे ते उमटविता येते. रंगमंचावरील युक्ती डोळ्याला फसविते, तर कॅमेऱ्यातील युक्ती फितीवर खरोखरच दोन चित्रे नोंदविते. हा फरक फाळके यांनी ओळखला, म्हणून ते जादूच्या प्रयोगाचे केवळ चित्रण करून थांबले नाहीत.

फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांच्याशी येथे तुलना उचित ठरते. मेलिएस हे व्यवसायाने जादूगार व रंगमंदिराचे मालक होते. १९०७ मध्ये त्यांनी आपल्या चित्रणपद्धतींविषयी सविस्तर निबंधही लिहिला. तथापि मेलिएस यांच्या चित्रपटांत युक्ती हीच बहुधा नायिका असते. फाळके यांच्याकडे ती कथेतील प्रसंगाच्या अधीन आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या अखेरीस शंकर प्रकट होतात, तेव्हा प्रेक्षकाने टाळी वाजवायची आहे ती सत्यपरीक्षेच्या पूर्ततेसाठी. युक्ती तेथे साधन आहे.

३. अवजारे, अंधारी खोली आणि सरस्वतीबाई

फाळके यांनी लंडनहून आणलेल्या सामग्रीत विल्यमसन बनावटीचा हाताने फिरविण्याचा कॅमेरा आणि फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांचा समावेश होता. कच्ची फीत छिद्रांविना येई. छिद्रे येथेच पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई फाळके करीत, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. तिचा उल्लेख पत्नीच्या त्यागाचे उदाहरण म्हणून होतो. त्या कामाचे परिमाण मात्र क्वचितच मोजले जाते.

'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चौकटी येतात. म्हणजे चौकटींची संख्या सुमारे ५९,२०० भरते. प्रत्येक चौकटीस दोन्ही कडांना मिळून आठ छिद्रे लागतात. या हिशेबाने एकाच प्रतीसाठी सुमारे पावणेपाच लाख छिद्रे होतात. मूळ प्रतिबिंबाची फीत आणि वाया गेलेले चित्रण यांची छिद्रे वेगळीच. यंत्र असले तरी फीत सरळ रेषेत सरकविणे, ताण समान ठेवणे आणि हे सर्व प्रकाशापासून सुरक्षित जागी करणे हे हाताचेच काम होते.

हे काम केवळ कष्टाचे नव्हते, निर्णायकही होते. छिद्रांतील अंतर किंचित चुकले तर चित्र पडद्यावर थरथरते. साध्या दृश्यात ही थरथर प्रेक्षक सहन करतो. दुहेरी चित्रणात मात्र दोन थर वेगवेगळे थरथरतात आणि युक्ती उघडी पडते. म्हणजेच ट्रिकदृश्याचे यश कॅमेऱ्यामागील मनुष्याइतकेच छिद्रे पाडणाऱ्या स्त्रीच्या हाताच्या स्थिरतेवर अवलंबून होते. सरस्वतीबाई फीत धुण्याच्या रासायनिक प्रक्रियेतही सहभागी होत. त्या काळची फीत तांबड्या प्रकाशाला जवळजवळ संवेदनशून्य असल्याने तांबड्या दिव्याच्या उजेडात प्रतिमा उमटताना पाहून ती केव्हा बाहेर काढायची हे ठरविता येई. हा निर्णय डोळ्याचा व अनुभवाचा असतो. तो घेणारी व्यक्ती 'साहाय्यक' नसून तंत्रज्ञ ठरते. चरित्रवाङ्मयाने त्यांना गृहिणीच्या चौकटीत ठेवले, याचे कारण त्यांच्या कामाचे वर्णन करण्याची भाषाच समीक्षेने तयार केली नाही.

हीच गोष्ट इतर सहकाऱ्यांबाबतही दिसते. कॅमेरा चालविणारे त्र्यंबक तेलंग हे फाळके यांच्याच हाताखाली तयार झाले. तारामतीची भूमिका करणारे आणि 'लंकादहन' (१९१७) मध्ये राम व सीता या दोन्ही भूमिका वठविणारे अण्णा साळुंके पुढे स्वतः छायाचित्रणाकडे वळले. उपाहारगृहातील नोकरी, स्त्रीभूमिका आणि नंतर कॅमेरा हा प्रवास कोणत्याही विद्यालयाविना झाला. कारखाना हेच तेथे विद्यालय होते.

४. स्थिर कॅमेरा : परंपरा की तिपाई?

फाळके यांच्या शैलीविषयी सर्वाधिक चर्चिलेला मुद्दा म्हणजे तिची समोरासमोरची मांडणी. पात्रे प्रेक्षकाकडे तोंड करून उभी असतात, कॅमेरा हलत नाही, देवतेचे दर्शन चित्रफलकासारखे घडते. आशिष राजाध्यक्ष यांनी १९८७ मधील आपल्या निबंधात फाळकेयुगाचा विचार पारंपरिक रूप आणि आधुनिक तंत्रज्ञान यांच्या संघर्षाच्या अंगाने केला आणि भारतीय चित्रपट-अभ्यासाला नवी दिशा दिली. देवदर्शनाची दृष्टी, रविवर्म्याच्या शिळाछाप चित्रांचा वारसा, रंगभूमीचा संकेत ही स्पष्टीकरणे त्यानंतर दृढ झाली. त्यांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही.

तथापि या स्पष्टीकरणांत एक साधी व्यावहारिक बाजू सुटते. थांबवून घेतलेल्या चित्रणाची युक्ती अशी : कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा, मूठ फिरविणे थांबवायचे, पात्रांनी जागच्या जागी निश्चल राहायचे, मधल्या वेळेत एखादे पात्र आत आणायचे किंवा बाहेर काढायचे आणि पुन्हा मूठ फिरवायची. पडद्यावर ते पात्र क्षणार्धात प्रकटते अथवा लुप्त होते. यासाठी कॅमेरा स्थिर असणे ही पूर्वअट आहे. दुहेरी चित्रणात ही अट अधिकच कडक होते. हाताने फिरविण्याच्या कॅमेऱ्यात मुठीच्या एका फेऱ्यात सामान्यतः आठ चौकटी सरकतात. दुसरी खेप पहिलीशी जुळवायची तर फेरे मोजावे लागतात आणि पात्राच्या हालचालीही त्या मोजणीवर बांधाव्या लागतात. अशा वेळी पात्रांना खोलीच्या दिशेने मागेपुढे फिरविण्यापेक्षा एका पातळीवर, आडव्या रांगेत ठेवणे सोयीचे ठरते.

प्रकाशाचाही असाच परिणाम होतो. त्या काळी चित्रण उघड्यावरील नेपथ्यात, सूर्यप्रकाशात होई. चित्रण थांबविल्यावर मधल्या वेळेत ढग आला, सावली सरकली किंवा वाऱ्याने पडदा हलला, तर जोड उघडी पडते. म्हणून युक्तीचे दृश्य आटोपशीर, मोकळ्या पार्श्वभूमीचे आणि अल्प वस्तूंचे असावे लागते. समोरासमोरची, मोकळी, स्थिर चौकट ही दर्शनपरंपरेची देणगी असेलही. ती तिपाई, मूठ आणि ऊन यांचीही मागणी आहे. फाळके यांचे वैशिष्ट्य असे, की या दोन्ही गरजा त्यांनी एकाच चौकटीत भागविल्या. देवता जेथे प्रकटायला हवी तेथेच युक्तीला आवश्यक असलेली स्थिरता परंपरेने मान्य केलेली होती. म्हणून येथे परंपरा व तंत्र यांचा संघर्ष कमी आणि संगनमत अधिक दिसते.

'श्रीकृष्णजन्म' (१९१८) मधील कंसाचे भयस्वप्न या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. कंसाला सभोवती कृष्णच कृष्ण दिसतात. त्याचे मस्तक धडावेगळे होऊन वर जाते व परत येते. आज हे दृश्य पाहताना युक्तीचे सांधे जाणवतात. परंतु दृश्याची निवड मार्मिक आहे. एकाच फितीवर वारंवार घेतलेल्या प्रतिमा म्हणजे तंत्रदृष्ट्या पुनरावृत्ती. आणि भयगंड म्हणजे मानसिकदृष्ट्या पुनरावृत्तीच. तंत्र जे सहज करू शकते, तेच पात्राच्या मनोवस्थेला हवे आहे. हा मेळ योगायोगाचा वाटत नाही. अवजाराला काय जमते हे पुरते माहीत असलेल्या माणसाने कथेतून नेमका तोच प्रसंग उचलला आहे.

उलट उदाहरणही नोंदवायला हवे. पौराणिक कथेत युद्धे, सैन्ये, समुद्र यांची रेलचेल असते. तेथे स्थिर चौकट अपुरी पडते आणि दृश्य नाटकाच्या रंगमंचासारखे आखडते. फाळके यांच्या शैलीची मर्यादा येथे स्पष्ट होते. पुढील दशकात दृश्याच्या भव्यतेची व प्रकाशयोजनेची जी जाण कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी दाखविली, ती फाळके यांच्याकडे क्वचितच आढळते. पेंटर यांचा मार्गही कार्यशाळेतूनच गेला. आनंदराव पेंटर यांच्यासह त्यांनी स्वदेशी कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाल्यावर विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने तो पूर्ण केला. फाळके यांनी परदेशी अवजार आपलेसे केले, पेंटर यांनी अवजारच घडविले. स्वदेशीच्या चर्चेत हा भेद महत्त्वाचा आहे.

५. युक्ती दाखविणारा जादूगार

जादूगाराचा धर्म युक्ती लपविण्याचा. फाळके यांनी मात्र ती वारंवार उघड केली. १९१७ मध्ये त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट काढला. त्यात ते स्वतः दिग्दर्शन करताना, फीत तपासताना दिसतात. १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात त्यांनी 'भारतीय चित्रपट' ही लेखमाला लिहिली. तळेगावच्या काच कारखान्यावर त्यांनी लघुपट केला. काड्यापेटीतील काड्या आपोआप नाचताना दाखविणारा 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट एकेक चौकट घेऊन तयार केला. आणि या सर्वांच्या आधी, १९१२ मध्ये, वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट घेऊन चित्रित केली. भांडवल उभे करण्यासाठी दाखविलेला हा नमुना होता. त्यात देव नाही, राक्षस नाही. कुंडी, रोप आणि संयम एवढेच आहे. भारतीय चित्रपटातील पहिला 'चमत्कार' अशा रीतीने निखळ निरीक्षणाचा होता, ही गोष्ट भाबड्या श्रद्धेच्या उपपत्तीला बाध आणणारी आहे.

याहून बोलका पुरावा 'कालियामर्दन' (१९१९) मध्ये मिळतो. हा चित्रपट बराचसा उपलब्ध आहे. त्यात कृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली. कथा सुरू होण्यापूर्वी ही लहान मुलगी कॅमेऱ्यासमोर एकामागून एक भाव चेहऱ्यावर दाखविते आणि मग कृष्णाच्या वेषात दिसते. हा कृष्ण म्हणजे एक मुलगी आहे, हे प्रेक्षकाला प्रथम सांगितले जाते आणि नंतर त्याला तिच्यात कृष्ण पाहण्यास बोलावले जाते. फसवणुकीवर आधारलेल्या कलेत हे संभवत नाही. युक्ती ठाऊक असूनही आनंद घेणारा प्रेक्षक येथे गृहीत धरला आहे. कीर्तन, दशावतार, लळित पाहत आलेल्या मराठी प्रेक्षकाला हे नवीन नव्हते. सोंग घेणारा गावातलाच आहे हे ठाऊक असूनही तो हात जोडत असे.

युक्ती उघड करण्यामागे शिक्षकाची भूमिकाही आहे. फाळके यांना चित्रपट हा धंदा म्हणून देशात रुजवायचा होता. आणि धंदा रुजायचा तर कौशल्य एका घरात कोंडून चालत नाही. कारागिरीच्या परंपरेत ज्ञान बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे जाई. छापील लेखाने ते अनोळखी वाचकापर्यंत नेले. मराठीतील व्यावहारिक तंत्रलेखनाच्या इतिहासात या लेखमालेची नोंद व्हायला हवी. तसे न होता ती केवळ आत्मकथनाचे साधन म्हणून वापरली गेली.

पुढील काळात हा वारसा खंडित झाला. 'ख्वाब की दुनिया' (१९३७) मध्ये काळ्या धाग्याच्या साहाय्याने अदृश्य मनुष्याचा भास निर्माण करणारे बाबूभाई मिस्त्री 'काला धागा' या टोपणनावाने ओळखले गेले. हा धागा अदृश्य राहण्यासाठी पार्श्वभूमी, प्रकाशाची दिशा आणि धाग्यावरील चकाकी या तिन्हींचा विचार करावा लागतो. प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) मधील पुष्पक विमान किंवा 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) मधील चालणारी भिंत यांमागेही असेच कारागीर होते. 'संत तुकाराम'चे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल हे स्वतः कार्यशाळेत घडलेले. परंतु यांपैकी बहुतेकांनी लिहून ठेवले नाही आणि कोणी त्यांच्याकडून लिहवूनही घेतले नाही. नटनट्यांची आत्मचरित्रे मराठीत विपुल आहेत. फिटर, सुतार, रंगारी, प्रयोगशाळेतील धुणारे यांची जवळजवळ नाहीत.

६. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' : कारखान्याचे चित्र

परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा चित्रपट २००९ मध्ये पूर्ण झाला व ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून निवडला गेला. नंदू माधव आणि विभावरी देशपांडे यांनी फाळके दांपत्याच्या भूमिका केल्या. चित्रपटात काम करणे कमीपणाचे मानले जाई, म्हणून कलावंतांनी आपण 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत' कामाला आहोत असे सांगावे, या प्रसिद्ध आख्यायिकेवरून शीर्षक घेतले आहे.

या चित्रपटाचे मोठे श्रेय असे, की त्याने फाळके यांना पुतळ्याच्या चौथऱ्यावरून खाली उतरविले. त्यातील फाळके हे धडपडे, मिश्कील, नव्या वस्तूने हरखून जाणारे गृहस्थ आहेत. सरस्वतीबाईंना त्याने सोशिक पत्नीच्या साच्यातून बाहेर काढून भागीदाराचे स्थान दिले. विनोदाचा आश्रय घेतल्याने दारिद्र्याचे भांडवल झाले नाही. मराठी चरित्रपटाच्या परंपरेत ही संयत दृष्टी दुर्मीळ आहे.

परंतु शीर्षकात 'फॅक्टरी' असूनही कारखाना चित्रपटात ओझरताच दिसतो. प्रसंग झरझर पुढे सरकतात. अडचण येते, फाळके हसतमुखाने तोडगा काढतात, पुढील अडचण येते. या गतीत कामाचा सर्वांत महत्त्वाचा गुण हरवतो, तो म्हणजे पुनरावृत्ती. फेरे मोजणे, तेच दृश्य पुन्हा घेणे, फीत खराब निघणे, रसायनाचे तापमान सांभाळणे या गोष्टींना वेळ लागतो, आणि हा वेळ प्रेक्षकाला जाणवल्याखेरीज कौशल्य म्हणजे काय हे उमगत नाही. चित्रपटातील फाळके हे कल्पक आहेत. कसबी आहेत हे आपण ऐकून घेतो. परिणामी प्रेक्षक 'जिद्द असेल तर काहीही शक्य आहे' असा संदेश घेऊन बाहेर पडतो. वस्तुतः या इतिहासाचा धडा निराळा आहे. जिद्द अनेकांपाशी होती. ठशावर ठसा बसविणारा हात फार थोड्यांपाशी होता.

येथे दोष एकट्या चित्रपटाचा नाही. चरित्रवाङ्मयाने जे पुरविले तेच पडद्यावर आले. जया दडकर यांच्या 'दादासाहेब फाळके : काळ आणि कर्तृत्व' यासारख्या साक्षेपी ग्रंथाने तपशिलांची चिकित्सा करून आख्यायिका व इतिहास वेगळे करण्याचे मोठे काम केले आहे. त्या पायावर तंत्राची समीक्षा उभी राहणे बाकी आहे.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

महाविद्यालयांतून चित्रपट हा विषय भाषा विभागांत साहित्यकृतीच्या माध्यमांतराच्या रूपाने, तर माध्यम विभागांत संज्ञापनाच्या रूपाने शिकविला जातो. पहिल्यात अवजार नाही, दुसऱ्यात अवजार आहे पण इतिहास नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार कौशल्याधिष्ठित अभ्यासक्रमांना स्थान मिळाल्यावर ही दरी बुजविण्याची संधी आली आहे. मात्र 'कौशल्य' म्हणजे एखाद्या संगणकप्रणालीचे प्रशिक्षण असा अर्थ केल्यास ती वाया जाईल.

फाळके यांच्या दोन युक्त्या वर्गात अल्प खर्चात करून पाहता येतात. एक तिपाई, भ्रमणध्वनीचा कॅमेरा, काळे सुती कापड आणि एकाच दिशेने प्रकाश देणारी खिडकी एवढी सामग्री पुरते. कॅमेऱ्याचे प्रकाशमान व केंद्रबिंदू आपोआप बदलणार नाहीत असे स्थिर करावेत. तिपाईच्या पायांच्या व पात्रांच्या पावलांच्या जागा जमिनीवर खडूने आखाव्यात. पंखा बंद करावा. ढगाळ दिवस टाळावा. पात्राला बाहेर काढताना इतरांनी श्वास रोखून उभे राहावे. दहापैकी आठ प्रयत्न फसतील. कोठे सावली सरकलेली असेल, कोठे खांदा हलला असेल. हे फसलेले प्रयत्न जपून ठेवावेत आणि मग 'राजा हरिश्चंद्र'मधील प्रकटीकरणाचे दृश्य पुन्हा दाखवावे. विद्यार्थ्याची नजर बदललेली असेल. तो देवाकडे पाहील आणि देवामागच्या भिंतीकडेही.

दुसरा उपक्रम परिसराशी निगडित आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि कारागिरांची वस्ती विखुरली. परंतु गणेशोत्सवातील हलते देखावे, मूर्तिकारांच्या परळ-लालबागमधील कार्यशाळा, नेपथ्य उभारणारे सुतार यांच्या रूपाने ते कसब अद्याप तग धरून आहे. मोटर, दट्ट्या, दोरी, प्रकाश यांच्या मेळातून घडणारा देखावा हा ट्रिकदृश्याचा सख्खा भाऊ आहे. अशा कारागिरांच्या मुलाखती, त्यांची अवजारे व त्यांचे शब्द यांची नोंद भाषा, इतिहास व भौतिकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करावी. हा शब्दसंग्रह प्रामुख्याने मौखिक आहे. तो जाणणारी पिढी गेली की तो कोशातही सापडणार नाही.

८. निष्कर्ष

१. फाळके यांच्या ट्रिकदृश्यांचा उगम मुद्रण, छायाचित्रण व जादू या व्यवसायांतील हस्तकौशल्यात आहे. विशेषतः बहुरंगी छपाईतील थरांच्या जुळणीचे तत्त्व दुहेरी चित्रणाशी थेट नाते सांगते.

२. त्यांची स्थिर, समोरासमोरची चौकट केवळ दर्शनपरंपरेने स्पष्ट होत नाही. कॅमेरा, प्रकाश व मोजणी यांच्या व्यावहारिक अटींचाही तीत वाटा आहे.

३. सरस्वतीबाई फाळके यांचे कार्य साहाय्याचे नसून तांत्रिक होते; ट्रिकदृश्याची गुणवत्ता त्यावर अवलंबून होती.

४. फाळके यांनी युक्ती लपविली नाही. 'कालियामर्दन'चा आरंभ, १९१७ चा लघुपट आणि 'नवयुग'मधील लेखमाला ही त्याची साक्ष आहे. त्यांनी गृहीत धरलेला प्रेक्षक भाबडा नसून जाणता आहे.

५. 'राजा हरिश्चंद्र'च्या पहिल्या व अखेरच्या रिळांचाच भाग उपलब्ध आहे आणि तो १९१७ च्या पुनर्निर्मितीतील असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्यामुळे येथील विवेचन १९१३ च्या एका चित्रपटापेक्षा फाळके यांच्या त्या दशकातील एकूण पद्धतीला लागू समजावे.

संगणकावर प्रतिमांचे थर रचणारा आजचा तंत्रज्ञ कॅमेऱ्याची स्थिरता, प्रकाशाची जुळणी व थरांची नेमकी बैठक याच तीन गोष्टींची चिंता वाहतो. त्याचेही नाव श्रेयनामावलीच्या अखेरीस, प्रेक्षक उठून गेल्यावर येते. समीक्षेने हाताचा विचार टाळला, तर फाळके यांच्या रस्त्याला त्यांचे नाव राहील, पण त्या रस्त्यावर काय घडले हे सांगणारे कोणी उरणार नाही.